टायगर, वॉर की पठाण? हेरपटांच्या मालिकेवर चाहत्यांचं एकमत का होत नाही, आणि नांदेड-लातूरचं तिकीट नेमकं कुठे मोजलं जातं?

यशराज फिल्म्सच्या हेरपटांचा नवा भाग आला की तोच वाद पुन्हा सुरू होतो. सर्वांत चांगला कोणता, 'एक था टायगर', 'वॉर' की 'पठाण'? व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे पडतात, इन्स्टाग्रामच्या कॉमेंटमध्ये 'फ्लॉप', 'ब्लॉकबस्टर' असे शिक्के बसतात आणि शेवटी कुणीतरी ग्रुप सोडतो.

या लेखात आपण मालिकेतले चित्रपट, त्यांच्याबद्दलची चाहत्यांची मतं, त्या मतांमागची कारणं आणि कोटींच्या आकड्यांचा खरा अर्थ समजून घेऊ. शिवाय नांदेड-लातूरच्या प्रेक्षकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्टही पाहू. चित्रपट व्यवसायाच्या जुन्या हिशेबात त्यांचं तिकीट मुंबईच्या खात्यात जमा होत नाही.

(सूचना : पुढे काही चित्रपटांच्या कथेचा उल्लेख आहे. 'वॉर'मधलं रहस्य मात्र फोडलेलं नाही.)

थोडक्यात

- २०१२ ते २०२५ या काळात या मालिकेत ६ चित्रपट आले.
- सुरुवातीला ही मालिका म्हणून आखलेली नव्हती. 'पठाण'पासून सगळ्या कथा उघडपणे एकत्र जोडल्या गेल्या.
- जेम्स बाँडमध्ये भूमिका एकच राहते आणि नट बदलतो. इथे प्रत्येक हेर म्हणजे एक वेगळा स्टार. त्यामुळे चित्रपटावरचा वाद पटकन स्टारवर जातो.
- कोटींचा आकडा कमाई सांगतो. किती लोकांनी चित्रपट पाहिला आणि किती जणांना आवडला, हे तो सांगत नाही.

मालिकेत कोणते चित्रपट आहेत?

१. एक था टायगर (१५ ऑगस्ट २०१२) – दिग्दर्शक कबीर खान. सलमान खान, कतरिना कैफ
२. टायगर जिंदा है (२२ डिसेंबर २०१७) – दिग्दर्शक अली अब्बास जफर. सलमान खान, कतरिना कैफ
३. वॉर (२ ऑक्टोबर २०१९) – दिग्दर्शक सिद्धार्थ आनंद. हृतिक रोशन, टायगर श्रॉफ
४. पठाण (२५ जानेवारी २०२३) – दिग्दर्शक सिद्धार्थ आनंद; शाहरुख खान, दीपिका पदुकोण, जॉन अब्राहम
५. टायगर ३ (१२ नोव्हेंबर २०२३) – दिग्दर्शक मनीष शर्मा. सलमान खान, कतरिना कैफ, इम्रान हाश्मी
६. वॉर २ (१४ ऑगस्ट २०२५) – दिग्दर्शक अयान मुखर्जी; हृतिक रोशन, ज्युनिअर एनटीआर, कियारा अडवाणी

यानंतरचा चित्रपट 'अल्फा'. तो डिसेंबर २०२५मध्ये येणार होता, पण पुढे ढकलला गेला. आलिया भट आणि शर्वरी वाघ यांच्या या चित्रपटात पहिल्यांदाच मालिकेच्या केंद्रस्थानी दोन महिला हेर आहेत. शर्वरी ही माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची नात.

बाँडचे चाहते आणि आपले चाहते यांच्यात फरक काय?

जेम्स बाँडची मूळ चित्रपटमालिका १९६२च्या 'डॉ. नो'पासून सुरू झाली. २०२१च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत तिचे २५ चित्रपट झाले आणि ६ नटांनी बाँड साकारला. तिथले चाहते वाद घालतात तो शॉन कॉनरी बरा, रॉजर मूर बरा की डॅनियल क्रेग, यावर. पण भूमिका एकच असल्यामुळे तुलनेला काहीतरी समान माप असतं. लेखनावर, खलनायकावर, बाँड किती गंभीर आणि किती मिश्कील असावा यावर बोलता येतं.

आपल्याकडे टायगर म्हणजे सलमान, पठाण म्हणजे शाहरुख आणि कबीर म्हणजे हृतिक. उद्या टायगरच्या भूमिकेत दुसरा नट आला तर प्रेक्षक ते मान्य करतील का? अवघडच आहे. म्हणून 'टायगर ३ची पटकथा सैल होती' असं कुणी म्हटलं की सलमानच्या चाहत्याला ते भाईवरचं शिंतोडं वाटतं, आणि 'पठाणमध्ये तर्क कुठे होता?' असं विचारलं की शाहरुखचा चाहता अंगावर येतो. बोलणं चित्रपटाबद्दल सुरू झालेलं असतं, पण दोन-तीन कॉमेंटनंतर चित्रपट बाजूलाच राहतो.

प्रत्येक चित्रपटाबद्दल चाहत्यांची मतं

एक था टायगर

जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना आजही हाच सर्वांत आवडतो. कारण ही मुळात प्रेमकथा आहे. भारताच्या 'रॉ'चा हेर आणि पाकिस्तानच्या आयएसआयची हेर प्रेमात पडतात आणि दोन्ही संस्थांच्या हातावर तुरी देऊन निघून जातात. डब्लिन, इस्तंबूल आणि हवानाच्या गल्ल्यांत पाठलाग होतो, पण प्रेक्षकाला काळजी या जोडप्याची वाटते. टायगरचे वरिष्ठ शेणॉय यांची भूमिका गिरीश कार्नाड यांनी केली होती. माथेरानला जन्मलेल्या या नाटककाराच्या शांत, थकलेल्या अधिकाऱ्यामुळे चित्रपटाला वजन आलं, असं मानणारे बरेच आहेत. तक्रार एकच ऐकू येते : उत्तरार्धात हेरगिरी मागे पडते.

टायगर जिंदा है

मोठ्या पडद्यावर शिट्ट्या वाजवत पाहण्यासारखा हाच, असं म्हणणारा गट मोठा आहे. २०१४मध्ये इराकमधल्या तिक्रीत इथे ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या. ५ जुलै २०१४ रोजी त्या सुखरूप कोचीला परतल्या. त्या घटनेवरून सुचलेली ही कथा आहे. चित्रपटात २५ भारतीय आणि १५ पाकिस्तानी परिचारिकांसाठी दोन्ही देशांचे हेर एकत्र लढतात. काहींना हाच भाग सर्वांत धाडसी वाटतो, काहींना अजिबात पटत नाही. प्रत्यक्षातली सुटका मात्र पडद्यावरच्यासारख्या गोळीबाराने झाली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

वॉर

मारामारीचं नेटकेपण आणि कथेतला धक्का या दोन गोष्टींसाठी 'वॉर'ला पहिला नंबर देणारे तरुण प्रेक्षक खूप आहेत. गुरू पलटला आहे आणि त्याला पकडायला त्याचाच शिष्य निघाला आहे, ही मांडणी सरळ आणि पक्की आहे. दुसऱ्यांदा पाहताना मात्र धक्का उरत नाही आणि मग कथेतल्या फटी दिसू लागतात, असंही काही जण सांगतात.

पठाण

२०१८च्या 'झीरो'नंतर चार वर्षांनी शाहरुख मुख्य भूमिकेत आला होता. त्यामुळे अनेकांसाठी हा चित्रपट म्हणजे एका माणसाचं पुनरागमन होतं. प्रदर्शनाआधी 'बेशरम रंग' गाण्यावरून वाद झाला, बहिष्काराची हाक दिली गेली आणि तरीही चित्रपटाने जगभरात हजार कोटींचा टप्पा ओलांडला. पण चाहत्यांना विचारलं तर आठवण निघते ती दोन गोष्टींची. पहिली म्हणजे रेल्वेवरच्या मारामारीत झालेली टायगरची एन्ट्री. दुसरी म्हणजे जॉन अब्राहमचा जिम. आपल्याच देशाने आपल्याला वाऱ्यावर सोडलं, असा राग मनात धरलेला हा माजी हेर अनेकांना मालिकेतला सर्वोत्तम खलनायक वाटतो. विज्ञानाच्या नावाखाली काहीही दाखवलं, ही तक्रारही तेवढीच जुनी आहे.

टायगर ३

हा रविवारी आणि तोही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रदर्शित झाला. आपल्याकडे त्या संध्याकाळी दुकानदार चोपडीपूजनात आणि घरची मंडळी पूजेत असतात. त्यात विश्वचषक क्रिकेट सुरू होतं. १५ नोव्हेंबरला वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना आणि १९ला अंतिम सामना. चित्रपटाला याचा फटका बसला, असं चाहते म्हणतात. टीकाकारांचं म्हणणं वेगळं आहे : तोच नायक, तोच देश वाचवणं आणि पाहुण्या कलाकाराच्या प्रवेशावर सगळी भिस्त. कतरिनाच्या झोयाला मात्र दोन्ही बाजू दाद देतात.

वॉर २

अपेक्षा सर्वांत मोठ्या होत्या आणि निराशेचा सूरही सर्वांत मोठा लागला. संगणकावर तयार केलेली दृश्यं कृत्रिम वाटली, कथा लांबली, ही मुख्य तक्रार. पण मराठवाड्याच्या पूर्व टोकाला या चित्रपटाची चर्चा वेगळ्या कारणाने झाली. ते आता पाहू.

नांदेड-लातूरचं तिकीट 'निझाम'मध्ये

हिंदी चित्रपटाच्या वितरणासाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत. व्यवसायात त्यांना 'सर्किट' किंवा 'टेरिटरी' म्हणतात. हे विभाग आजच्या राज्यांच्या सीमेप्रमाणे नाहीत. भाषावार प्रांतरचनेच्या आधीचा नकाशा त्यांत अजून जिवंत आहे.

मुंबई सर्किटमध्ये मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राबरोबर गुजरातही येतो. विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोजला जातो. आणि नांदेडसह मराठवाड्याचा भाग परंपरेने येतो 'निझाम' सर्किटमध्ये, हैदराबाद आणि तेलंगणाबरोबर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, पण चित्रपटाच्या वहीत जुनं खातं तसंच चालू राहिलं.

त्यामुळे 'पठाणने मुंबईत अमुक कोटी कमावले' या आकड्यात नांदेडचा प्रेक्षक नसतो. तो निझामच्या आकड्यात असतो आणि तिथे हैदराबादच्या मोठमोठ्या मल्टिप्लेक्सपुढे त्याचा आवाज ऐकू येत नाही. 'महाराष्ट्राने हा चित्रपट डोक्यावर घेतला' असं लिहिणारा बहुतेक वेळा मुंबई सर्किटकडे पाहून लिहीत असतो.

आता तिकिटाचा दर पाहा. समजा, एका छोट्या शहरात तिकीट १२० रुपये आहे आणि मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये ४८० रुपये. म्हणजे छोट्या शहरातले चार प्रेक्षक मिळून मुंबईच्या एका प्रेक्षकाएवढे कोटींत मोजले जातात. चौघांनाही चित्रपट आवडला आणि त्या एकाला आवडला नाही, तरी आकड्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. निर्माते पुढचा चित्रपट कुणासाठी आणि कसा करायचा हे अशा आकड्यांकडे पाहून ठरवत असतील, तर लहान शहरांची आवड हळूहळू हिशेबाबाहेर जाते. म्हणून तुमचं मत स्पष्ट शब्दांत लिहिणं महत्त्वाचं आहे. आकडा ते तुमच्या वतीने सांगत नाही.

'वॉर २' आणि सीमेवरचा प्रेक्षक

नांदेड जिल्ह्याची पूर्व सीमा तेलंगणाला लागून आहे. धर्माबादहून बासरचं सरस्वती मंदिर जवळ आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडते. नातीगोती, बाजार, दवाखाना या निमित्ताने हैदराबादला जाणं-येणंही नेहमीचं. लातूरच्या उदगीर, देवणीकडे तीच गत बीदरशी.

अशा भागात ज्युनिअर एनटीआर हा परका नट नाही. 'आरआरआर' (२०२२) आधीपासून टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी डब चित्रपटांतून तो घरोघरी पोचला होता. 'वॉर २' हा त्याचा पहिला हिंदी चित्रपट. त्याच दिवशी रजनीकांतचा 'कुली'ही आला. त्यामुळे त्या आठवड्यात वाद सलमान-शाहरुखचा राहिलाच नाही. हृतिक की एनटीआर, आणि हिंदी की तेलुगू, असा तो झाला.

इथे आवृत्तीचा मुद्दाही येतो. तेलुगू आवृत्तीत हृतिक दुसऱ्याच्या आवाजात बोलतो. आवाज बदलला की अभिनयाचा परिणाम बदलतो. त्यामुळे सीमेपलीकडच्या मित्राने पाहिलेला 'वॉर २' आणि तुम्ही पाहिलेला 'वॉर २' अगदी एकच नसतो. वाद घालण्याआधी 'तू कोणत्या भाषेत पाहिलास?' एवढं विचारलं तरी निम्मं भांडण मिटतं.

ग्रॉस, नेट आणि शेअर म्हणजे काय?

- ग्रॉस : प्रेक्षकांनी तिकिटासाठी दिलेली एकूण रक्कम, करासह.
- नेट : ग्रॉसमधून कर वजा केल्यावर उरलेली रक्कम. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ११८ रुपयांच्या तिकिटात नेट १०० रुपये. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.
- शेअर : नेटमधून चित्रपटगृहाचा वाटा गेल्यावर वितरकाकडे येणारी रक्कम. ती साधारण नेटच्या निम्म्याच्या आसपास असते.
- वर्ल्डवाइड : भारतातला ग्रॉस अधिक परदेशातला ग्रॉस.

एका चित्रपटाचा वर्ल्डवाइड ग्रॉस आणि दुसऱ्याचा भारतातला नेट शेजारी ठेवून 'बघा, दुप्पट' म्हणणं हा सोशल मीडियावरचा सर्वांत जुना खेळ आहे. शिवाय २०१२चं तिकीट आणि २०२५चं तिकीट यांच्या दरात फरक आहे. 'एक था टायगर'चे कोटी आणि 'वॉर २'चे कोटी थेट तुलनेला घेता येत नाहीत.

मत पडद्याबाहेर जातं तेव्हा : मालेगावची घटना

१२ नोव्हेंबर २०२३च्या रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावमध्ये मोहन चित्रपटगृहात 'टायगर ३' सुरू होता. सलमान पडद्यावर येताच काही प्रेक्षकांनी आतच फटाके आणि रॉकेट उडवले. रॉकेट खुर्च्यांमधून सुटत होते आणि लोक जीव वाचवायला पळत होते, असे व्हिडिओ देशभर फिरले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी खुद्द सलमान खानने चाहत्यांना आवाहन केलं की स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात न घालता चित्रपटाचा आनंद घ्या. २०२१मध्ये 'अंतिम'च्या वेळीही त्याला असंच सांगावं लागलं होतं. हा 'अंतिम' म्हणजे आपल्या 'मुळशी पॅटर्न'चा हिंदी अवतार.

त्या रात्री मोठी दुर्घटना टळली, पण १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ जणांचा जीव गेला होता. त्यातले बहुतेक धुराने गुदमरले. बंद जागेत आगीपेक्षा धूर आणि दारावरची रेटारेटी जास्त घातक ठरते. शेजारच्या खुर्चीवर कुणाचं तरी लहान मूल बसलेलं असतं. त्याला सलमान आवडतो की शाहरुख, याने त्या वेळी काही फरक पडत नाही.

स्टेटसला क्लिप टाकणं गुन्हा आहे का?

टायगरची एन्ट्री मोबाइलवर टिपायची आणि लगेच स्टेटसला टाकायची, हे अनेकांना निरुपद्रवी वाटतं. मात्र सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगीशिवाय चित्रपटगृहात चित्रपट किंवा त्याचा भाग रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. चोरीचा चित्रपट लोकांपर्यंत पोचवण्यालाही मनाई आहे. यासाठी किमान ३ महिने ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीच्या लेखापरीक्षित एकूण खर्चाच्या ५ टक्के इतकी आहे.

चित्रपट संपल्यावर तिकिटाचा फोटो आणि दोन ओळींचं मत टाका. त्याला कुणाचीच हरकत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?
प्रदर्शनाच्या क्रमानेच पाहा. 'पठाण'मधला टायगर आणि 'टायगर ३'मधला पठाण यांची मजा त्यामुळेच येते. वेळ कमी असेल तर 'एक था टायगर', 'वॉर' आणि 'पठाण' हे तीन पाहिले तरी तीन मुख्य हेरांची ओळख होते.

खरी 'रॉ' अशीच काम करते का?
नाही. 'रॉ'ची स्थापना सप्टेंबर १९६८मध्ये झाली आणि रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख होते. हेराचं काम लक्षात न येण्याचं असतं. हेलिकॉप्टरला लटकलेला माणूस साऱ्या शहराच्या लक्षात येतो.

मराठीत अशी मालिका आहे का?
एवढ्या मोठ्या प्रमाणावर चित्रपटांची नाही, पण पुस्तकांची परंपरा मोठी आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप यांनी वाचकांच्या काही पिढ्या जागवल्या. त्या काळीही कोणाचा नायक सरस, यावर पैजा लागायच्या.

मग सर्वांत चांगला चित्रपट कोणता?
प्रेमकथा हवी असेल तर 'एक था टायगर', सामूहिक मोहीम हवी असेल तर 'टायगर जिंदा है', मारामारी आणि रहस्य हवं असेल तर 'वॉर', खलनायक हवा असेल तर 'पठाण'. यातलं तुम्हाला काय हवं होतं आणि ते मिळालं का, एवढं लिहिलंत तरी ते चांगलं परीक्षण होतं. आणि पुढच्या वेळी कुणी 'महाराष्ट्राने ठरवलंय' असं लिहिलं, की त्याला एकदा विचारा : यात नांदेड धरलंय का?